दोघींपैकी एक

ऐरोली
१० जुलै २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी भाऊजींना हाक मारली असशील आणि कोण गेलं म्हणून विचारलं असशील. कोणी गेलेलं नाही. सगळे आहोत. पण फोनवर बोलण्यासारखं राहिलं नाही, म्हणून ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर लिहायला बसले आहे. उत्तर घरी पाठवू नकोस. पाकिटामागे ऑफिसचा पत्ता घातला आहे.

आधी गोड बोलते. क्षिप्राचं ठरलं हे कळल्यापासून मी दोनदा गोड शिरा केला. ऋषीचा फोटो पाहिला. कान जरा मोठे आहेत, पण आपली आई असती तर म्हणाली असती, बरं झालं, ऐकून घेणारा नवरा मिळाला. चिपळूणच्या कॉलेजात शिकवतो म्हणजे तुझ्यासारख्या मास्तरणीला जावई शोभून दिसेल.

आता ईश्वरीचं. मी तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की ती दाराआड येऊन उभी राहते. तिला वाटतं आपण दोघी तिच्याबद्दल काहीतरी ठरवतो आहोत. स्वतःचा फोन तिने तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवला होता, कारण तो ऐकतो म्हणे. मार्चमध्ये तिने नोकरी सोडली ते तुला माहीत आहे. का सोडली ते मी सांगितलं नव्हतं. तिचं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. एक दिवस घरी येऊन म्हणाली की कॉल कट केला तरी माणसं बोलत राहतात. मी म्हटलं, थकवा आहे, चार दिवस सुट्टी घे. सुट्टी घेतली ती घेतलीच. आता आंघोळीला सांगावं लागतं. केसांत गुंता इतका की परवा कात्री लावली. जयप्रकाश म्हणतात, काहीतरी प्रेमप्रकरण फिसकटलं असेल, होईल ठीक. शेजारच्या मालतीबाई म्हणतात दृष्ट काढा. काढलीसुद्धा, तुला म्हणून सांगते.

एक मागणं आहे. क्षिप्राला यातलं काही कळू देऊ नकोस. दोघी तेवीस वर्षांच्या, चेहरा एकच. चार दिवसांची असताना मी तुझ्या ओटीत घातलेली पोर आज लग्नाला आली आहे. तिने तुला आई आणि मला मावशी म्हटलं, ते दिवस सुखाचे गेले. तिच्या आनंदात माझ्या घरातलं सावट नको.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आजवर कधी आटली नाही, आत्ता तिची जास्त गरज आहे.

तुझी,
सुमेधा


देवरुख
२२ जुलै २०२४

चि. सौ. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

मधल्या सुट्टीत शिपायाने पाकीट हातात दिलं आणि खरंच माझ्या तोंडून कोण गेलं असंच निघालं. वीस वर्षांत तुझं पत्र नाही, मग दुसरं काय वाटणार?

ईश्वरीचं वाचून जेवण गेलं नाही. पण तू इतकी घाबरू नकोस. त्या कानात घालायच्या यंत्रांनी शहाण्या माणसाचं डोकं फिरेल. त्यात तुझा स्वभाव. रागावू नकोस, मोठी बहीण म्हणून लिहिते. पोरीला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा आठ कुठे गेले असं विचारणारी तू. फ्रिजवर तिचं वेळापत्रक लावलेलं असायचं, पाणी कधी प्यायचं तेसुद्धा. क्षिप्राला आम्ही काजूच्या झाडावर चढू दिलं, गणितात नापास होऊ दिलं. एकाच कुशीतल्या दोघी, पण क्षिप्रा बघ कशी खळखळून हसते. कुठेतरी वाढवण्यात फरक पडतो, सुमे. तिला जरा मोकळं सोड.

तुला वाटेल, घेऊन ये म्हणून का लिहीत नाही. घरात नोव्हेंबरच्या साखरपुड्याची गडबड सुरू आहे, चिपळूणची माणसं येऊन जाऊन असतात. तेवढं पार पडलं की मीच न्यायला येते.

क्षिप्राला काही सांगणार नाही. जयप्रकाशरावांना आशीर्वाद. प्रकृतीची हेळसांड करू नकोस आणि या बहिणीवर रुसू नकोस.

तुझी,
ताई


ऐरोली
२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रुसले होते. ते 'आठ कुठे गेले' दोन दिवस डोक्यातून हलेना. आता त्याचं काही वाटत नाही, कारण त्यानंतर जे घडलं ते फार मोठं आहे.

एकवीस ऑगस्टला सकाळी उठले तर ईश्वरी घरात नव्हती. चपला दारातच. सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसलं, सव्वापाचला बाहेर पडली. जयप्रकाश पोलीस चौकीत गेले आणि मी मुलुंडच्या पुलावर. कठड्याशी उभी राहून खाडीच्या पाण्याकडे पाहिलं, ताई. त्या वेळी मनात काय आलं ते लिहीत नाही.

साडेअकराला जयप्रकाशना फोन आला. शिरवण्याहून, पुतळाबाई म्हणून कोणी. ईश्वरी बेलापूर रस्त्याने अनवाणी चालत तिथवर पोचली होती. रिक्षा आणि बस दोन्ही तिच्या मागावर आहेत असं वाटत होतं, म्हणून पायी. तिला कळंबोलीला जायचं होतं, लोखंड बाजारात, बाबांच्या ऑफिसात. पुतळाबाई त्या गावच्या मूळच्या, भाडेकरूंच्या खोल्यांसमोर ओटा धूत होत्या. पोरीच्या पायाला रगत हाय हे बघून त्यांनी तिला ओढून बसवलं, हळद लावली, चहा पाजला. घरचा नंबर विचारला तर ईश्वरीने बाबांचा सांगितला. माझा नाही.

मी पोचले तेव्हा ती पुतळाबाईंच्या पाठीमागे लपली. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीला बाहेरचं काय नाय, त्यांचा सख्खा भाऊ असाच होता, आमी सात वर्सं देव देव केला, तुमी आज डॉक्टरकडं न्या. त्या बाईचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

ती माझ्यापासून का पळाली ते जयप्रकाशकडून कळलं. तिला ऐकू येणारा आवाज माझा आहे. मी ऑफिसात असले तरी, झोपले असले तरी मी तिच्याशी बोलत असते. तू घाण आहेस, तुझ्यामुळे घर बुडालं, जा मर. मी तिला आयुष्यात कधी बोलले नाही ते त्या आवाजात बोलते आहे. आणि खरंच बोलले होते तेही.

वाशीला डॉक्टर नमिता म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अकरा दिवस दवाखान्यात ठेवलं. स्किझोफ्रेनिया म्हणाल्या. मला वाटायचं, म्हणजे एका माणसात दोन माणसं. तसं नाही म्हणे. आपल्याच मनात उठलेला विचार बाहेरून कोणी बोलल्यासारखा ऐकू येतो, आणि खरा आवाज कुठला हे मेंदूला कळेनासं होतं. ती नाटक करत नाही. तिला ते ऐकूच येतं, जसा तुला शाळेचा टोल ऐकू येतो.

मग त्यांनी विचारलं, घराण्यात आधी कोणाला असं काही होतं का. जयप्रकाशनी त्यांच्या बाजूचं नाही म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर मारोतीमामा उभा होता. मी नाही म्हटलं.

ताई, मी काय करू? लगेच लिही.

तुझी,
सुमेधा


देवरुख
१२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींनाही दाखवलं नाही. मी आधी काय काय लिहिलं ते आठवून लाज वाटते. वेळापत्रकावरून तुला बोलले ते मनातून काढून टाक.

मामाला मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. परसातली ती खोली, दारातून आत सरकवलेलं ताट, कौलांकडे बघून तासन् तास बोलणं. वेशीबाहेर गेला की आजोबा काठी घेऊन आणायला जायचे. लोकांना सांगायचं, तो देवाकडे लागला आहे. विहिरीवर पाय घसरला हेही लोकांनाच सांगितलं. आईने आपल्या दोघींकडून वचन घेतलं होतं, सासरी मामाचं नाव काढायचं नाही. तुझं लग्न, माझं लग्न, दोन्ही त्या गप्प बसण्यावर उभी राहिली.

म्हणून सांगते, आताही गप्प बस. जयप्रकाशरावांना सांगून मामा परत येणार नाही आणि ईश्वरी बरी होणार नाही. औषध तेच राहणार. पण चिपळूणपर्यंत ही गोष्ट गेली तर क्षिप्राचं काय? तिचा काय गुन्हा?

आता जे लिहायचं आहे ते तीनदा लिहून खोडलं. साखरपुडा चोवीस नोव्हेंबरला आहे. तुम्ही दोघं या, जन्मदाती तू आहेस, तुझ्याशिवाय मला पाऊल उचलवणार नाही. पण ईश्वरीला आणू नकोस. लोक एकीकडे बघतील आणि दुसरीचा विचार करतील. एकच चेहरा आहे ना गं. मालतीबाईंकडे दोन दिवस ठेवता येईल का बघ.

हे पत्र फाडून टाक. माझ्याबद्दल मनात किल्मिष धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


ऐरोली
५ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. दोन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडले आणि मग जयप्रकाशच्या हातात दिलं.

त्यांनी ते उभ्याने वाचलं. पंचवीस वर्षं, एवढंच म्हणाले. मग दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच दोन कप करून आणले आणि मामा दिसायला कसा होता असं विचारलं. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. महिनाभर ते मला ऐकवत होते की तुझ्या शिस्तीने पोरगी अशी झाली. आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही, मामामुळे झाली, माझ्या हातात काही नव्हतं. त्यांना दोष माझ्या वागण्यात हवा होता, मला रक्तात हवा होता. दोन्ही वाटांनी तो माझ्याकडेच येत होता, हे दोघांनाही उशिरा कळलं.

डॉक्टरांकडे जाऊन खोटं बोलल्याचं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, निम्मी घरं पहिल्यांदा नाहीच म्हणतात. मग मी क्षिप्राचं सांगितलं. तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावलं ते तसंच लिहिते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तर दुसऱ्यालाही होतो अशा जोड्या निम्म्याच, कदाचित निम्म्याहून कमी. सगळं रक्तातच असतं तर प्रत्येक जोडीत दोघांनाही झाला असता. आणि सगळं वाढवण्यात असतं, तर वेगळ्या घरी वाढलेल्या बहिणीची काळजी करायचं कारण नव्हतं. रक्तातून आजार येत नाही, कल येतो. त्यावर पुढे काय काय पडतं ते प्रत्येकाचं निराळं. ईश्वरी जन्मली तेव्हा दीड किलोची होती, नाळ गळ्याभोवती होती, सोळा दिवस काचेच्या पेटीत होती. त्याचाही भाग असू शकतो म्हणाल्या. रात्रपाळ्यांचाही असू शकतो. एकेका गोष्टीचा हिशेब मांडून देता येत नाही, कोणालाच नाही.

मी विचारलं, मग आवाज माझाच का? त्या म्हणाल्या, तो आवाज जवळच्या माणसाचं रूप घेतो, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. रागावण्याने हा आजार होत नाही. पण घरात सतत राग आणि टोमणे असले की बरं व्हायला अडथळा येतो, तेवढं आता तुमच्या हातात आहे. मी फ्रिजवरचा कागद काढला. त्याच्या चिकटपट्टीचे डाग मात्र जात नाहीत.

ताई, क्षिप्राला सांग. तिला कदाचित कधीच काही होणार नाही. आधी कळेल अशी तपासणी नाही. पण झोप उडाली, माणसं नकोशी झाली, तर दृष्ट काढत पाच महिने घालवू नयेत, एवढ्यासाठी तिला माहीत हवं. मी घालवले.

साखरपुड्याला आम्ही येत नाही. ईश्वरी औषधांनी दिवसभर पेंगते, तिला सोडून निघवत नाही. पण तुझं लिहिणं मनाला लागलं नाही असं म्हटलं तर तेही खोटंच होईल, आणि खोटं आता पुरे झालं.

तुझ्यावरची माया कमी झालेली नाही. तुझीही होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुमेधा


देवरुख
३ डिसेंबर २०२४

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलेली पत्रं आईने मला सोळा नोव्हेंबरला दिली. इतके दिवस कपाटात होती. मी साखरपुड्याच्या साडीला फॉल लावत होते. ती समोर बसून राहिली, मी वाचून होईपर्यंत.

आधी भीती वाटली, मग राग आला. तुम्ही दोघींनी माझ्याबद्दल परस्पर ठरवायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी चार दिवसांची होते, तेव्हाचं मी कधी बोलले नाही, कारण मला आई चांगली मिळाली. पण माझी बहीण अनवाणी चौदा किलोमीटर चालली आणि त्या दिवशी मी चिपळूणला अंगठीचं माप देत होते. मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

ऋषीला मीच जाऊन सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकलं. एकच प्रश्न विचारला, मुलांना होऊ शकतं का. मला माहीत होतं तेवढं सांगितलं, की शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असेल, खात्री कशाचीच नाही. तो म्हणाला, विचार करायला दोन दिवस दे. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. वाईट बाई नाही, मावशी. तिने बाबांना विचारलं, मुलगी पुढे चांगली राहील असं डॉक्टरांकडून लिहून मिळेल का. बाबा म्हणाले, तुमच्या मुलाचं मिळालं तर आम्हीही आणू. त्यावर ती रडली, माझा हात धरून बसली आणि ओटीचा नारळ परत ठेवून गेली. ऋषीचा मोठा मेसेज आला. मी वाचला. उत्तर दिलं नाही.

मला वाईट वाटत नाही असं लिहिणार नाही. सकाळी जाग आली की आधी मी कान देऊन ऐकते, डोक्यात कोणी बोलतंय का. मग पक्षी ऐकू येतात आणि मी उठते.

मी शिकवते त्या शाळेतून तीन महिन्यांची रजा घेतली आहे. मी ऐरोलीला येते आहे. नको म्हणू नकोस. काकांना नमस्कार, ईश्वरीला काय लिहू ते सुचत नाही. सांभाळून घे.

तुझी,
क्षिप्रा


देवरुख
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

क्षिप्रा तुझ्याकडे गेल्यापासून घर खायला उठतं. तुझे भाऊजी संध्याकाळी उगाच दोनदा फाटकापर्यंत जाऊन येतात. तिने फोनवर सांगितलं, पहिल्या दिवशी ईश्वरी तिला बघून किंचाळली, आरसा चालत आला म्हणाली. दुसऱ्या दिवशी क्षिप्रा सेक्टरातल्या पार्लरात जाऊन कमरेपर्यंतचे केस कापून आली, दोघी वेगळ्या दिसाव्यात म्हणून. त्या केसांना मी बारा वर्षं तेल लावलं. ऐकून रडले, पण तिला शाबास म्हटलं.

आज जे लिहिते आहे ते कोणाला सांगितलेलं नाही. तुला वाटतं, कुठली द्यायची ते तू ठरवलंस. आठव. तू अंगातल्या तापाने अर्धवट शुद्धीत होतीस. माझी तिसरी खेप वाया जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू म्हणालीस, ताई, दोघींना दूध पुरणार नाही, एक तू ने, तुला वाटेल ती. एक माझ्या मांडीवर रडत होती, दुसरी काचेत, नळ्या लावलेली. आई म्हणाली, आजारी पोर ने, तुला दुसरं काम नाही, तुझ्या हाताने जगेल. मी म्हटलं, देवरुखात एवढे डॉक्टर कुठे आहेत. कारण खरं होतं, सुमे, पण ते मला नंतर सुचलं. आधी भीती वाटली होती. आणखी एक पोर माझ्या हातात मरायला नको होती. म्हणून मी धडधाकट उचलली.

तेवीस वर्षं मी तुझे उपकार मानत आले, आणि वर तुलाच पोर वाढवायला शिकवलं. उलट झालं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांना विचारू नकोस. त्या म्हणतील सांगता येत नाही. मला तेही ऐकवणार नाही.

क्षमा कर म्हणण्याचा मला हक्क नाही. फोन कर, नाहीतर दोन ओळी लिही.

तुझी,
ताई


ऐरोली
६ एप्रिल २०२५

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई म्हणाली तुला उत्तर लिहायला तिला जमत नाही. चार वेळा बसली. म्हणून मी लिहिते. अक्षर वाकडं येईल, औषधाने हात थरथरतो. माझं वजन चौदा किलोने वाढलं. वाचलेलं दुसऱ्या पानावर विसरते. कंपनीत परत घेणार नाहीत. मैत्रिणी आधी यायच्या, आता स्टेटसवर दिसतात.

तुझं पत्र आईने मला वाचू दिलं. आमच्या घरात आता काही लपवायचं नाही असं ठरलं आहे. तू मला नेली नाहीस याचा मला राग आला नाही. काचेतल्या मुलीला मीपण उचललं नसतं. आईला राग आला होता. मग एक दिवस म्हणाली, ताईने दोन्ही पोरी जगाव्यात असंच पाहिलं. ती तुला हे लिहीत नाही, म्हणून मी कळवते.

सगळे विचारतात हे कुठून आलं. बाबा, आई, तू. क्षिप्रासुद्धा पुस्तकं आणून वाचत बसायची. मामाकडून आलं की आईमुळे की हेडफोनमुळे. मला त्यात रस राहिला नाही. ते आता माझ्याकडे आहे.

आवाज गेला नाही, लहान झाला आहे. स्वयंपाकघरातून आईने हाक मारली की अजून कळत नाही कुठली आई. तो आवाजपण ईशू म्हणूनच हाक मारतो. म्हणून मी आईला सांगितलं, बोलायच्या आधी मला हात लाव. आता ती गॅस बंद करून येते, खांद्यावर हात ठेवते आणि मग सांगते की पोळी वाढली आहे. आवाजाला हात नाहीत, तेवढ्यावरून मी ओळखते. परवा तिने हात ठेवला आणि बोललीच नाही, नुसती उभी राहिली. मी म्हटलं, आई, काय सांगायचं होतं. ती म्हणाली, काही नाही.

क्षिप्रा मार्चमध्ये परत आली ना, तिला विचार झोप लागते का. मला नीट सांगत नाही. तिला वाटतं मी घाबरेन.

मावशी, साखरपुड्याला मी नको होते ते मला माहीत आहे. तेही पत्र मी वाचलं. आता साखरपुडा नाही, चिपळूणची माणसं येत नाहीत, बघायला कोणी नाही. मग मे महिन्यात मी आले तर चालेल का? दुपारी मी झोपूनच असते. त्रास देणार नाही.

काकांना नमस्कार. तुझ्या मनात माझ्यासाठी जागा असेल तर तसं लिही, नसेल तरी लिही.

तुझी,
ईश्वरी